माझ्या आईची बोली शमीमला येत होती

सलीमचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. सलीम म्हणजे शमीमचा धाकटा भाऊ. तो हाफ पँटमध्ये होता तेव्हापासून मी त्याला ओळखते, आणि एवढ्या वर्षांत तो माझ्याशी कायम मराठीतच बोलत आलाय. जव्हारचं, जरा हेल काढून बोललं जाणारं मराठी. त्या दुपारी मात्र तो म्हणाला, "सुमनदीदी, आपा नहीं रही." पुढचं सगळंही हिंदीतच. सकाळी चहा घेतला, सलीमच्या मुलीची वेणी घालून दिली, जरा पडते म्हणाली… आणि उठलीच नाही. मी नुसती "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर मनात जो पहिला विचार आला, तो सांगायची लाज वाटते, पण सांगते. वाटलं, हे शमीमला कळवायला हवं, सलीम आज हिंदीत बोलला. माणूस फार दुःखात असला की कोणत्या भाषेत शिरतो, हा तिचा लाडका प्रश्न होता. तिने आधी विचारलं असतं, "सगळं हिंदीत, की मध्येमध्ये मराठी येत होतं?" आणि मी आठवून आठवून सांगितलं असतं… मग मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी पेपर माझ्यासमोरून उचलून बाजूला ठेवले.

त्याला आता सहा आठवडे झाले. शमीम कोण होती, असं नाशिकमध्ये मला कुणी विचारलं तर मी "माझी मैत्रीण, जव्हारला शिक्षिका होती" एवढंच सांगते. ते खरंच आहे. पण ज्या गोष्टीसाठी ती जगली, ती या वाक्यात कुठेच नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

शमीमच्या वडिलांचं, उस्मानचाचांचं, जव्हारच्या बाजारात पत्र्याचं दुकान होतं. पेट्या, चाळण्या, रॉकेलची नरसाळी, कंदिलांची दुरुस्ती. आसपासच्या पाड्यांवरची माणसं बाजाराच्या दिवशी तिथे येत आणि काम होईपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून राहत. शमीमला लहानपणी सांधे सुजून मोठा ताप आला होता आणि त्यात तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. पळायचं नाही, चढायचं नाही, विहिरीवर जायचं नाही. बाकीच्या मुली खेळायला गेल्या की ही एका उपड्या पेटीवर बसून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐके. घरात तिची हिंदी-उर्दू, शाळेत पुस्तकातलं मराठी, आणि पायरीवर कोकणा, वारली, ठाकूर, कोळी अशा किती तरी घरांची बोलणी. दहाव्या वर्षापर्यंत ती माणूस दिसायच्या आधी, नुसत्या आवाजावरून, तो डोंगराच्या कोणत्या अंगाचा आहे ते सांगू लागली होती. चाचांना याचं फार कौतुक. गिऱ्हाइकांना ते म्हणत, "बोलू नका, बसा फक्त. आता 'काय' म्हणा." त्याने "काय" म्हटलं की आतून शमीम गावाचं नाव सांगायची आणि बाहेर हशा पिकायचा.

मला तिने असंच पकडलं. मी खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरची, कोकणा घरातली. सहाव्या वर्षी आईने मला आश्रमशाळेत ठेवलं. तिथे आमचं बोलणं म्हणजे घाण, खरवडून काढायची गोष्ट, असं वातावरण होतं. "पानी" म्हटलं की वर्ग हसायचा आणि गुरुजी पुन्हा म्हणायला लावायचे, ण जिभेवर बसेपर्यंत. तो बसला. इतका घट्ट बसला की जव्हारच्या कॉलेजात आले तेव्हा लोक मला नाशिकची समजत आणि मीही ते खोडून काढत नसे. पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या रांगेत मागे उभी असलेली एक बारीक, फिकट मुलगी म्हणाली, "तू खोडाळ्याच्या अंगची ना?"

"कुणी सांगितलं?"

"तूच. आत्ता 'आणि' म्हणायच्या आधी थांबलीस. ण नीट यावा म्हणून."

मला इतका राग आला की मी पुस्तक न घेताच निघून गेले. ती मागे आली, पण जिना चढून आल्यामुळे तिला दम लागला होता. ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि हाताने "थांब" अशी खूण करत राहिली. तिला तसं टाकून जाववेना. श्वास खाली बसल्यावर ती म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही." तिने खरंच कधी कुणाला सांगितलं नाही. आमची मैत्री ही अशी, एका गुपितावर उभी राहिली.

पुण्याला जायचं आमचं ठरलं ते वर्ष आमच्या भागाला चांगलं नव्हतं. वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बाळांच्या मृत्यूंच्या बातम्या सगळ्या देशात पोचल्या होत्या, आणि जव्हारचं नाव घेतलं की लोकांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट कळवळा यायचा. मला तो नकोसा होता. मी इतिहासाला प्रवेश घेतला, शमीमने एम.ए. मराठीला. मराठीला, असं घरी सांगून. मराठी झालं की बी.एड., मग शाळेत नोकरी, असा चाचांशी करार होता. पण विद्यापीठात पोचल्यावर तिला कळलं की मराठीच्या जोडीने भाषाविज्ञानाच्या काही अभ्यासपत्रिका घेता येतात, आणि त्या दिवसापासून ती हरवलीच. सकाळी मराठीचे तास, दुपारी भाषाविज्ञान, मधल्या वेळात मानववंशशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर, आणि आठवड्यातून एकदा पदार्थविज्ञान विभागात, कारण तिथे आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारं एक यंत्र होतं. कुठल्या विषयाची विद्यार्थिनी आहेस, असं विचारलं की ती गोंधळायची. संध्याकाळी खोलीवर आली की कॉटवर आडवी पडून, डोळे मिटून, ओठ न हलवता तोंडातल्या तोंडात जीभ फिरवत असायची. "काय करतेस?" "ळ कुठे होतो ते बघतेय." खिडकीतून संध्याकाळचं पिवळं ऊन तिच्या पायांवर यायचं, खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत जायचं, आणि ती तशीच पडलेली, जिभेच्या टोकाने टाळू चाचपत. मला कधी कधी वाटायचं, ही मुलगी झोपेत आहे आणि आम्ही सगळे तिला पडलेलं स्वप्न आहोत.

सुट्टीत घरी गेल्यावर चाचांनी तिला विचारलंच, "बेटा, ये भाषाविज्ञान क्या होता है?" मी समोर होते. शमीमने थोडा विचार केला आणि म्हणाली, "अब्बा, आप पत्रा ठोककर आवाज़ से बता देते हो ना, कहाँ पतला है?" चाचा म्हणाले, "हां." "बस, वही." चाचांनी हातोडी खाली ठेवली. "तो इसमें पढ़ना क्या है?" म्हणाले, आणि स्वतःच हसू लागले. त्यांनी मनाई केली नाही. करार मोडला हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

आमचं भांडण दुसऱ्या वर्षी झालं. भाषाविज्ञानाच्या मॅडमनी वर्गातल्या प्रत्येकाला एक न लिहिली गेलेली बोली निवडून तिचं वर्णन करायला सांगितलं होतं. शमीम मला त्या यंत्राच्या खोलीत घेऊन गेली. गंमत दाखवते म्हणाली. तिच्या वर्गातली आणखी चार-पाच मुलं होती. मी माइकसमोर "पाणी" म्हटलं आणि पडद्यावर एक हिरवी रेघ उसळून गेली. सुंदर दिसलं ते. मग शमीम सहज म्हणाली, "आता घरी म्हणतेस तसं म्हण."

सगळे माझ्याकडे बघत होते, चांगल्या मनानेच, उत्सुकतेने… आणि मला आश्रमशाळेचा तो वर्ग दिसला. मी उठून निघून आले.

खोलीवर तिने माफी मागितली. मी ऐकायला तयार नव्हते. "आमची भाषा काय बेडूक आहे," मी ओरडले, "चिरून बघायला?"

ती कॉटवर बसली. मग हळूच म्हणाली, "आमची म्हणालीस. आपली नाही म्हणालीस."

"तुझी नाहीच आहे ती!"

"हो. बरोबर आहे." तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, हेच मला जास्त लागलं. "मराठीत किती बरं आहे बघ, 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. हिंदीत 'हम' म्हणतात, त्यात कळतच नाही आपण आत आहोत की बाहेर. इथे निदान कळतं."

त्यानंतर दोन महिने आम्ही एका खोलीत राहून जेमतेम बोलत होतो. ती माझ्यासाठी गरम पाणी काढून ठेवायची, मी तिच्या गोळ्या संपल्या की आणून द्यायचे, पण बोलणं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम उशिरा घरी गेले. खोडाळ्याला उतरून पाड्यापर्यंत चालत जायचं. भात कापून झालं होतं, खाचरं रिकामी, उतारावरच्या नागलीवर सकाळचं धुकं अजून रेंगाळलेलं. घरापाशी आले आणि आतून दोन बायकांचं बोलणं ऐकू आलं. एक आई. दुसरा आवाज माझ्या ओळखीचा, पण भाषा आमच्या पाड्याची. मला क्षणभर वाटलं, कुणी मावशीच आली असेल. दारात वाकून बघितलं तर चुलीपाशी शमीम बसलेली, मांडीवर वही, आणि आई भाकरी थापता थापता तिला दटावतेय, "इसा नीही, इसा," असं नाही, असं. शमीम तो शब्द पुन्हा म्हणत होती, पुन्हा, आणखी एकदा, आणि आईला पटलं की ती मान हलवून पुढची भाकरी घेत होती. ती चार दिवसांपासून तिथे होती. बाजारातून एका बाईबरोबर आली, दोन ठिकाणी बसत बसत चढण चढली आणि सरळ आईला म्हणाली, मला तुमचं बोलणं शिकवा. आईला जन्मात असं कुणी म्हटलं नव्हतं.

मी आत आले तशी शमीम उभी राहिली. घाबरली होती. आई मात्र तिच्याकडे बघून म्हणाली, आमच्या बोलीत, "बस, आता आपण जेवू." मी ऐकलं. शमीमनेही ऐकलं. त्या एका शब्दावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मला हसू आलं, तिला हुंदका. आईला काही कळलं नाही. तिने तीन ताटल्या मांडल्या.

पुण्यात तिला पुढे पीएच.डी. करता आली असती. मॅडमनी तसं सुचवलंही होतं. पण त्याच सुमाराला तिचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, ते मुंबईत झालं, झाल्यावर जपून राहायला सांगितलं. चाचांची नजर अधू होत चालली होती, सलीम अजून शिकत होता. ती जव्हारला परतली आणि एका शाळेत मराठी शिकवू लागली. मी तेव्हा तिच्यावर खूप चिडले होते. म्हटलं, "एवढं शिकलीस ते वाया घालवणार?" ती म्हणाली, "अगं, ज्यांचं बोलणं शिकायचंय ती माणसं इथे आहेत. तिथे नुसतं यंत्र आहे." मला ती समजूत वाटली, स्वतःची घातलेली. पुढे एकदा तिच्याबरोबर मोखाड्याकडच्या एका पाड्यावर गेले, तेव्हा माझं मत बदललं.

तिथे तपासणीची गाडी येणार होती. बाळांच्या मृत्यूंच्या त्या बातम्या झाल्यापासून अशा गाड्या येत असत. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून एक तरुण डॉक्टर बसला होता, शहरातला, मनापासून काम करणारा, प्रत्येक बाईशी आदराने बोलणारा. एक अगदी लहान वयाची आई मुलाला पदराखाली धरून पुढे आली. डॉक्टरने विचारलं, "ताप आहे का बाळाला?" ती खाली बघत म्हणाली, "उतरलाय." डॉक्टरने "छान" म्हणून एक बाटली दिली आणि पुढच्या बाईला हाक मारली. गर्दी होती, संध्याकाळ व्हायच्या आत पुढचा पाडा करायचा होता. ती बाई बाहेर पडली.

शमीम व्हरांड्याच्या कडेला, भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, "तिला थांबव." मी बघतच राहिले. "सुमन, मला पळता येत नाही. तिला थांबव!"

मी धावले. ती बाई पाऊलवाटेला लागली होती. मी तिला मराठीत हाका मारल्या, ती घाबरून आणखी भरभर चालू लागली. शेवटी मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि हात जोडून तिला परत आणलं. शमीम तोवर टेबलापाशी पोचली होती. ती डॉक्टरला सांगत होती, की ताप उतरला असं ती म्हणत नाहीये. या अंगाला पोरगा उतरला म्हणजे त्याच्या अंगावरचं मांस उतरलं, मूल खचत चाललंय. डॉक्टर गोरामोरा झाला. त्याने पदर बाजूला करून मुलाला उघडं केलं आणि लगेच जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली. पाच मिनिटांत ते मूल आणि त्याची आई जीपमध्ये होती. शमीमही चढली, कारण त्या बाईने तिचा हात सोडला नाही. दवाखान्यात ती तीन दिवस त्यांच्याजवळ बसून होती. मूल वाचलं. पुढे बऱ्याच वर्षांनी बाजारात एक दांडगा मुलगा दाखवून ती मला म्हणाली होती, "तो बघ, उतरलेला."

त्यानंतर तिने एक वही केली. आजार, दुखणी, बाळंतपण, खाणंपिणं, यांना कोणत्या पाड्यावर काय म्हणतात आणि ऐकणाऱ्याची कुठे फसगत होते, एवढंच. अंगणवाडीच्या बाया आणि दवाखान्यातल्या सिस्टर ती उतरवून घेत, त्यांच्याकडून आणखी कुणी उतरवून घेत. वहीवर शमीमचं नाव कुठेच नव्हतं. मी म्हटलं, निदान नाव तरी घाल. ती म्हणाली, "शब्द माझे थोडेच आहेत?"

आता आईबद्दल लिहायला हवं. ते मी लांबवत होते.

माझं लग्न झालं, मी नाशिकला शाळेत लागले. वर्षातून दोनदा घरी जायचे. आई माझ्याशी मराठी बोलायची, तिला येईल तसं, तुटक, बाजारात शिकलेलं. मीही मराठीतच. ते दोघींच्या सवयीचं झालं होतं. मग एके दिवशी भावाचा निरोप आला की आईच्या अंगावरून वारं गेलंय, जव्हारच्या दवाखान्यात ठेवलंय. मी पोचले तेव्हा तिचा उजवा हात निपचित होता, पण ती बोलत होती. भरभर, न थांबता, छताकडे बघत. आणि सगळं आमच्या बोलीत. मराठीचा एक शब्द उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. मी तिचा हात धरून "आई, आई" करत होते आणि ती काय म्हणतेय यातलं मला निम्मंही कळत नव्हतं. माझ्याजवळ सहा वर्षांच्या मुलीची भाषा होती. भूक, झोप, पाणी, शेळी, ये, जा. त्यापुढची भाषा मी शिकलेच नव्हते.

भाऊ दोन दिवस जागून गळाला होता. त्याला मी घरी पाठवलं आणि शमीमला बोलावलं. ती आली, कॉटच्या कडेला बसली, आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "आयस." आईची नजर छतावरून खाली आली. मग त्या दोघी बोलू लागल्या. दुपारची वेळ होती, वॉर्डातले बाकीचे झोपले होते, खिडकीबाहेर धुकं दाटून आलं होतं आणि झाडं असून नसल्यासारखी झाली होती. मी त्या आवाजांच्या मध्ये बसून होते. लहानपणी अर्धवट झोपेत घरातल्या मोठ्या माणसांचं बोलणं ऐकू येतं, तसं ते माझ्याभोवती चाललं होतं. अर्थ लागत नव्हता, पण भीतीही वाटत नव्हती.

शमीम मध्येच थांबली. माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

"काय म्हणतेय?"

"राहू दे."

"शमीम, सांग."

ती एकेक वाक्य सांगू लागली, आईच्या मागोमाग, खालच्या आवाजात. "म्हणतेय, पोरीला मी शाळेत टाकलं… ती लहान होती… ती रडत होती आणि मी मागे वळून बघितलं नाही… तिने ते मनात ठेवलं. सुट्टीत आली तेव्हापासून माझ्याशी परक्या भाषेत बोलते. राग आहे तिचा. एवढी वर्षं झाली, पण राग गेला नाही…"

जे मला माझं यश वाटत होतं, ते आई इतकी वर्षं शिक्षा म्हणून सोसत होती. शमीमने मला ओढून आईच्या जवळ बसवलं. "तूच सांग," म्हणाली.

"मला येत नाही गं. शब्द नाहीत."

"आहेत तेवढे पुरतील."

"तू सांग ना…"

"मी सांगितलं तर तो निरोप होईल," ती म्हणाली, उठली, आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. पाठमोरी.

मी आईच्या कानाशी वाकले. सहा वर्षांच्या मुलीला जेवढं बोलता येतं तेवढंच बोलले. "नीही, आयस." नाही, आई. मला राग नाही. मला भूक लागलीय. मी घरी आले. चुकत होते, अडत होते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. आईने डावा हात उचलला आणि माझं तोंड चाचपलं, गाल, हनुवटी, जणू अंधारात कुणाला ओळखावं तसं, आणि मग तिची बडबड थांबली. ती झोपली. त्यानंतर ती नऊ दिवस होती. त्या नऊ दिवसांत मी आईशी जेवढं बोलले, तेवढं आधीच्या वीस वर्षांत बोलले नव्हते. शमीम रोज शाळा सुटल्यावर यायची, पण आत बसायची नाही. दारातून डोकावून, आम्ही बोलतोय असं दिसलं की व्हरांड्यात जाऊन वह्या तपासायची.

त्याबद्दल तिच्याशी नीट बोलायचं राहूनच गेलं. आभार वगैरे मानण्यातली ती नव्हती, मीही नाही. शेवटची भेट झाली तेव्हा ती थकलेली होती. ओठ निळसर दिसत होते. तरी ती मला माझ्या सासूबाईंच्या बागलाणकडच्या बोलण्याबद्दल विचारत राहिली आणि मी बस सुटेल म्हणून घाई करत राहिले.

मागच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, मी जव्हारला गेले. चाचींजवळ, शमीमच्या आईजवळ, बसले. सलीम म्हणाला, "वर जाऊन ये." दुकानाच्या वर तिची खोली आहे, ऑपरेशननंतर तिने तीच मागून घेतली होती. रोज तो जिना चढायला डॉक्टरांची मनाई होती, आणि ती रोज चढायची. खोलीत फारसं काही नाही. एक कॉट, एक टेबल, पुस्तकं. खुर्ची मात्र टेबलाकडे तोंड करून नव्हती. ती खिडकीला लावलेली होती, रस्त्याकडे. मी तीत बसले आणि तिने ती का तशी ठेवली होती ते कळलं. खाली एस.टी. थांबते. सगळ्या पाड्यांची माणसं गाडीची वाट बघत या भिंतीला टेकून बसतात आणि त्यांचं बोलणं सरळ वर येतं, जसंच्या तसं, कुणी कानाशी बोलल्यासारखं.

मी बराच वेळ बसले. डोळे मिटले. आवाज येत होते, जात होते. एक म्हातारा कुणाला तरी शिव्या देत होता. दोन बाया टोपलीतल्या कोंबडीवरून हसत होत्या, मग त्यातली एक तिच्या सुनेबद्दल सांगू लागली, सून माहेरी गेली ती आली नाही, आणि तिच्यावाचून घर कसं गप्प झालंय. मी ते सगळं ऐकत होते. सून चांगली होती. गाणी म्हणायची. भांडण मुलाने केलं होतं… पुष्कळ वेळाने माझ्या लक्षात आलं की मी त्याचं मराठी करत नाहीये.

मी खिडकीतून वाकले. "कठ जाहास?" विचारलं. कुठे निघालात?

सुनेचं सांगणाऱ्या बाईने वर बघितलं. परक्या, शहरी साडीतल्या बाईकडे बघतात तसं नव्हे. कुणीही कुणाला विचारावं तसंच मी विचारलं होतं, तिने तसंच उत्तर दिलं. खोडाळ्याला. मग तिने मला विचारलं, तू?

माझं नाशिकचं परतीचं तिकीट पर्समध्ये होतं. मी म्हणाले, मीही. भावाकडे.

"मग ये की खाली," ती म्हणाली, "गाडी लागली."

मी चप्पल हातात घेऊन जिना उतरले. चाचींना ओरडून सांगितलं, सलीमने माझी पिशवी आणून दिली. गाडी भरलेली होती. ती बाई खिडकीशी बसली होती, तिने मला बघितलं, शेजारची टोपली उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकली. मी बसले. गाडी हलल्यावर ती म्हणाली, तर मी सुनेचं सांगत होते… आणि तिने जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं.